लेबल सेंद्रिय, गुडघे विरलेले

१९८३ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात, मूळच्या स्वीडनच्या गुन डेनहार्ट यांनी मुलांचे सुती कपडे टपालाने विकायला सुरुवात केली आणि कंपनीला आपल्या आजीचं नाव दिलं: हॅना अँडरसन. पहिला कॅटलॉग निघाला तेव्हा घरची माणसं आणि मित्रमंडळींनी बसून त्यात कापडाचे इंच-इंच तुकडे चिकटवले. गिऱ्हाईक शेकडो मैल लांब, दुकान नाही. कापड चिमटीत धरून चोळून पाहिल्यावर जे कळतं ते त्याला घरबसल्या कळावं, एवढाच हेतू. पुढे याच कंपनीने ‘हॅनाडाउन्स’ नावाची योजना काढली. मुलाला तोकडा झालेला कपडा चांगल्या स्थितीत परत पाठवा, मूळ किमतीच्या २० टक्के रक्कम पुढच्या खरेदीत वळती होईल, आणि परत आलेला कपडा गरजू मुलांना जाईल. एका मुलाने हुंदडून वापरलेला कपडा दुसऱ्याला देण्याजोगा उरेल, याची खात्री असल्याशिवाय असा सौदा कुणी करत नाही.

महागड्या, ‘सचोटीच्या’ बालवस्त्रांचा सगळा धंदा याच खात्रीवर उभा राहिला. स्वीडनच्या पोलार्न ओ. पिरेटने १९७६ पासून पट्ट्यापट्ट्यांचे कपडे विकताना ते किमान तीन मुलांच्या अंगावर जावेत अशी भूमिका घेतली. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये २००४ साली एका जोडप्याने सुरू केलेल्या फ्रुगीचं पहिलं नाव ‘कट फॉर क्लॉथ’ होतं, कारण कापडी लंगोटाच्या फुगवट्यावर नीट बसेल अशी चड्डी बाजारात मिळत नव्हती. गिऱ्हाईक मोजकं, हट्टी आणि जाणकार होतं. पैसे जास्त मोजायची त्याची तयारी असे, कारण थोरल्याचा कपडा धाकट्याला जाई, मग मावसभावाला, आणि शेवटी विकला तरी चार पैसे येत.

गेल्या दशकभरात याच गिऱ्हाइकाची कुरकुर वाढली आहे. नवीन कपडा हातात घेतला तर पूर्वीपेक्षा पातळ लागतो. रांगतं मूल एका हंगामात गुडघे विरवून टाकतं. चार धुण्यांत गळ्याची पट्टी सैल पडते आणि बाजूची शिवण फिरून पोटावर येते. लेबल मात्र तेच, किंमत चढती. ही कुरकुर निव्वळ जुन्या दिवसांची हळहळ आहे असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण कपडा पातळ होण्यामागची कारणं कापसाच्या शेतापासून कंपनीच्या भागभांडवलापर्यंत उघड दिसतात.

आधी हिशेब पाहू. जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर असलेलं बाळ वर्षभरात ७५ सेंटिमीटरच्या आसपास जातं. युरोपात बालवस्त्रांची मापं उंचीवरून ठरतात: ५०, ५६, ६२, ६८, ७४, ८०. म्हणजे पहिल्या वर्ष-सव्वा वर्षात पाच-सहा मापं पालटतात. समजा, एक अंगरखा ३,००० रुपयांना पडला आणि तीन मुलांनी वापरला, तर मुलामागे हजार रुपये झाले. तोच पहिल्याच मुलाच्या अंगावर विरला, तर पूर्ण ३,००० एकाच्या नावावर पडले. छापील किंमत एका पैशाने न वाढवताही कपडा तिप्पट महाग करता येतो तो असा.

आपल्याकडे ‘वाढत्या अंगाचं’ शिवून घेण्याची रीत होती ती याच हिशेबाने. शिंपी शिवणीत माया ठेवायचा, खालची दुमड रुंद घ्यायचा, दिवाळी गेली की ती उसवून लांबी वाढवायची. बाळंतविड्यातली दुपटी तर धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराची किंवा आजीच्या लुगड्याची असत. 

मग ‘सेंद्रिय’ हे लेबल नेमकं कशाची ग्वाही देतं? जगभर सर्वाधिक मानलं जाणारं प्रमाणपत्र म्हणजे ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड, व्यापारात ज्याला ‘गॉट्स’ म्हणतात. त्याच्या ‘ऑरगॅनिक’ श्रेणीत किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय हवा, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ श्रेणीत किमान ७० टक्के. रंग, रसायनं, सांडपाणी, कामगारांची स्थिती यांवरही त्याच्या अटी आहेत. कपडा किती आटावा, रंग किती पक्का असावा याच्याही मर्यादा आहेत. गुडघा किती दिवसांत विरावा याची मात्र मर्यादा नाही. ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड याहून पुष्कळ सैल आहे. ते फक्त धाग्याचा माग ठेवतं, आणि त्याच्या मिश्र श्रेणीत ५ टक्के सेंद्रिय कापूसही चालतो. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार कपड्यात घातक द्रव्यं आहेत का एवढंच तपासतं, कापूस कसा पिकवला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हे सगळे शिक्के आपापल्या जागी उपयोगाचे आहेत. घोळ आईबापांच्या मनात होतो. हिरवं पान, मातकट रंगाचा टॅग आणि सुतळी पाहिली की ‘टिकाऊ’ हा अर्थ ते आपणच जोडतात, आणि दुकानदार तो खोडून काढायला जात नाही.

टिकाऊपणा ठरतो तो तिरुपूरसारख्या गावात. तमिळनाडूतलं हे गाव म्हणजे भारताच्या होजिअरी निर्यातीचं मोठं केंद्र. युरोपातले अनेक सेंद्रिय बालवस्त्रांचे ब्रँड इथूनच माल उचलतात. इथली भाषा आकड्यांची आहे. चौरस मीटरमागे कापडाचं वजन किती ग्रॅम, तो ‘जीएसएम’. सुताची जाडी सांगणारा ‘काउंट’. विणीचे प्रकार तीन-चार: सिंगल जर्सी, रिब, इंटरलॉक. बाळाची जाडसर, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत लागणारी पँट बहुधा २०० जीएसएमच्या आसपासच्या इंटरलॉकची असते. तीच १५० च्या सिंगल जर्सीत शिवली तर दुकानातल्या हँगरवर फरक फारसा कळत नाही, कापड मात्र पाव हिश्श्याने कमी लागतं. साध्या होजिअरी कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचाच असल्यामुळे घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री तिथे लागते. पुढची लागते कोंबिंगला, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढण्याच्या कामाला. ते टाळलं तर सूत स्वस्त पडतं आणि कपड्यावर गोळे लवकर येतात. पिळदार सूत नीट स्थिर न करता विणलं की धुतल्यावर कपडा तिरपा होतो. पोटावर येणाऱ्या शिवणीचं मूळ हेच.

बायोवॉश ही तर बघण्यासारखी गोष्ट आहे. कापड मोठ्या यंत्रात सेल्युलेज नावाच्या एन्झाइमसोबत फिरवतात. हे एन्झाइम कापसाचा तंतूच खातं. वर आलेली लव कुरतडली जाते आणि कापड लोण्यासारखं मऊ होतं. रसायनांच्या मानाने ही रीत सौम्य, गॉट्सला चालणारी. पण मात्रा किंवा वेळ वाढली की लव संपल्यावर एन्झाइम धाग्याला हात घालतं आणि कापडाची ताकद उतरते. मुलाचा कपडा घेताना बहुतेक जण मऊपणाच बघतात, त्यामुळे मात्रा वाढवण्याचा मोह कायम असतो. पूर्वीचा जाड कपडा दुकानात जरा राठ लागायचा आणि दहाव्या धुण्यानंतर मऊ व्हायचा. आताचा पहिल्याच दिवशी मऊ असतो.

यात सेंद्रिय नियमांचाही थोडा हातभार आहे, हे मान्य करायला हवं. सुरकुत्या न पडण्यासाठी वापरायची फॉर्माल्डिहाइडची रेझिनं गॉट्सला चालत नाहीत, पीव्हीसीचे चकचकीत छाप चालत नाहीत, पॉलिएस्टरची भरघोस भेसळ चालत नाही. ब्रिटनमध्ये रॅप ही संस्था आणि लीड्स विद्यापीठ यांनी २०२५ मध्ये ४७ टी-शर्टांची चाचणी प्रसिद्ध केली. कपडे मोठ्यांचे होते, पण निष्कर्ष इथेही लागू पडतो. किंमत आणि टिकाऊपणा यांचा मेळ बसला नाही. २८ पौंडांचा शर्ट १४२ पौंडांच्या शर्टापेक्षा सरस ठरला, आणि कृत्रिम धागा मिसळलेले शर्ट एकंदरीत निव्वळ सुती शर्टांपेक्षा जास्त टिकले. शुद्ध सूत हवं असेल तर ताकद जाडीतून, लांब तंतूतून आणि चांगल्या विणीतून भरून काढावी लागते. नेमक्या त्याच तीन जागी काटकसर झाली.

अमेरिकेत आणखी एक चमत्कारिक अडचण आहे. तिथे नऊ महिन्यांपुढच्या मुलांचे झोपायचे कपडे एकतर आगीला दाद न देणारे हवेत, नाहीतर १९९६ च्या सवलतीनुसार अंगाला घट्ट बसणारे हवेत. सेंद्रिय कंपन्या आगरोधक रसायन वापरणार नाहीत, म्हणून त्यांचे सुती पायजमे घट्टच शिवले जातात. वाढत्या अंगाला जागा ठेवायला कायद्यानेच मज्जाव केला म्हणायचा! कपडा फाटायच्या आधीच तोकडा होतो, आणि आईबाप कंपनीच्या नावाने खडे फोडतात. इथे तरी कंपनीचा दोष नाही.

आता कापसाकडे वळू. २०१९-२० च्या हंगामात जगातल्या एकूण कापसात सेंद्रिय कापसाचा वाटा जेमतेम दीड टक्क्याच्या आत होता. त्यातला निम्मा भारताचा. दुसरीकडे गॉट्सचं प्रमाणपत्र असलेले कारखाने २०१० मध्ये जगभरात तीन हजारांच्या आत होते, ते २०२२ मध्ये १३ हजारांच्या वर गेले. दरम्यान एच अँड एम आणि सी अँड ए यांसारख्या साखळ्यांनी बाळांचे सेंद्रिय कपडे साध्या कपड्यांच्या जवळपासच्या किमतीत मांडले. त्याने सेंद्रिय कापसाला मोठं गिऱ्हाईक मिळालं ही चांगलीच गोष्ट झाली. पण छोट्या ब्रँडची पंचाईत झाली. शेजारच्या दुकानात तेच शब्द लिहिलेला बॉडीसूट निम्म्या-पाव किमतीला टांगलेला असताना जाड कापडाची जादा किंमत कुणाला समजावून सांगणार?

मागणी अशी फुगली आणि शेत मात्र वाढेना, की कागद वाढू लागतो. सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात दर टप्प्याला एक ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट लागतं. व्यापारी त्याला ‘टीसी’ म्हणतात. जिनिंगवाल्याने सूतगिरणीला इतके किलो दिले, गिरणीने विणणाऱ्याला इतके दिले, अशी ती साखळी. २०१० च्या जानेवारीत जर्मनीतल्या फायनान्शियल टाइम्स डॉइचलँडने बातमी दिली, की तपासलेल्या सेंद्रिय सुती नमुन्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांत जनुकबदल केलेल्या कापसाचे अंश सापडले. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, खुद्द गॉट्सने जाहीर केलं की भारतातून सुमारे २०,००० टन कापूस खोट्या टीसीवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. देशाच्या वर्षाच्या सेंद्रिय उत्पादनाचा हा जवळजवळ सहावा हिस्सा. सेंद्रिय मालाचा माग ठेवणाऱ्या सरकारी ट्रेसनेट प्रणालीच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी करून हे कागद खरे भासवले होते. अकरा कंपन्यांवर बंदी आली. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने भारतातल्या सेंद्रिय कापसाच्या या साखळीवर सविस्तर शोधवृत्त छापलं. तपासाची अडचण अशी, की जनुकांची चाचणी बियाणं, पान, कच्चा कापूस यांच्यावर चालते. कापड धुऊन, रंगवून तयार झालं की ती भरवशाची राहत नाही. पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या दुकानात टांगलेल्या झबल्याची जात त्या झबल्यावरून ओळखता येत नाही.

खोटा सेंद्रिय कापूस काही आपोआप कमजोर नसतो. त्यामुळे या फसवणुकीने गुडघे विरत नाहीत. पण गिऱ्हाइकाने दोन गोष्टींसाठी जादा पैसे मोजलेले असतात, विषमुक्त शेतासाठी आणि टिकाऊ कपड्यासाठी. दुसरी गोष्ट आधीच निसटत चालली होती. पहिलीबद्दलही खात्री उरली नाही, तर जादा पैसे कशाचे?

विदर्भातल्या शेतकऱ्याला यातलं काहीच नवं नाही. २००२ मध्ये जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच देशातलं नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली गेलं. सेंद्रिय कापूस जनुकबदल केलेल्या बियाण्याचा चालत नाही, आणि यवतमाळ किंवा वर्ध्याच्या कृषी केंद्रात साधं, बिगर-बीटी बियाणं मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघतो. कंपन्यांना त्यात नफा नाही, म्हणून ते पुरेसं तयार होत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने देशी कापसाचे लांब धाग्याचे ‘पीए’ मालिकेतले वाण काढले, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतही देशी वाणांवर काम होतं. पण वाण निघणं वेगळं आणि पेरणीच्या आठवड्यात त्याची पिशवी गावात मिळणं वेगळं. बरं, मिळालं तरी बांधापलीकडे बीटीच. मधमाश्या परागकण बांध ओळखून नेत नाहीत. जिनिंगमध्ये आधीच्या गाडीची सरकी आणि रुई यंत्रात राहिलेली असते. शिवाय प्रमाणपत्रासाठी जमिनीचा दोन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळात उत्पन्न घटतं आणि कापूस साध्या भावाने विकावा लागतो.

प्रमाणपत्रही बहुतेकदा शेतकऱ्याच्या एकट्याच्या नावाचं नसतं. गटाला मिळतं, आणि तपासणारी संस्था गटातली काहीच शेतं प्रत्यक्ष पाहते. गट प्रामाणिक असेल तर छोट्या शेतकऱ्याला परवडणारी ही एकमेव रीत आहे. नसेल तर आपण सेंद्रिय शेतकरी आहोत हे यादीतल्या माणसालाच ठाऊक नसतं! कागदावरच्या कापसाने बाजार भरला की खऱ्या सेंद्रिय कापसाचा भाव दबतो, आणि घाम गाळणारा शेतकरी पुन्हा बीटीकडे वळतो. चेतना ऑरगॅनिकसारख्या संस्था विदर्भ, तेलंगण आणि ओडिशात बियाण्यापासून विक्रीपर्यंत शेतकऱ्यांसोबत उभ्या आहेत. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाने सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग आणि खादी यांची साखळी एकाच जिल्ह्याच्या परिसरात जुळवली आहे. अशा ठिकाणी कपड्याचं शेत बोटाने दाखवता येतं. पण लंडनच्या दुकानाला हव्या असलेल्या लाखो नगांना ही साखळी पुरत नाही.

‘सचोटीचा’, म्हणजे ‘एथिकल’, या शब्दातला दुसरा अर्धा भाग कामगारांचा. २०१३ मध्ये ढाक्याजवळ कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसं मेली, तेव्हापासून ब्रँडच्या टॅगवर हा शब्द जास्त दिसू लागला. सोमो या डच संस्थेच्या २०१४ च्या अहवालाने तमिळनाडूच्या सूतगिरण्यांतल्या किशोरवयीन मुलींची स्थिती पुढे आणली. ‘ऑरगॅनिक’ला निदान आकड्यांची व्याख्या आहे, ‘एथिकल’ला तीही नाही.

मग आली महागाई. मे २०२२ मध्ये भारतात ३५६ किलोच्या कापसाच्या खंडीने एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. ब्रिटनमधली महागाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ११.१ टक्क्यांवर पोचली. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटिश ब्रँडना युरोपात पार्सल पाठवताना जकातीचे सोपस्कार मागे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा तिरुपूरच्या निर्यातदारांना सवलतीची मागणी करणाऱ्या गिऱ्हाइकांना तोंड द्यावं लागलं. ही सवलत कुठून निघते ते वर आलंच आहे.

मालकी बदलण्याचा मुद्दाही याच चर्चेत येतो. हॅना अँडरसन २००७ मध्ये सन कॅपिटलकडे आणि २०१६ मध्ये एल कॅटरटनकडे गेली. फ्रुगीत २०१८ मध्ये ट्रू ही गुंतवणूक कंपनी आली. मालक बदलला म्हणून कपडा पातळ झाला, असा थेट आरोप करणं अन्यायाचं होईल. भांडवल आल्यामुळेच काही कंपन्या तगल्या. पण काही वर्षांत वाढ दाखवून बाहेर पडायचं ज्याच्या डोक्यात आहे, त्याला एक कपडा तीन मुलांनी वापरणं म्हणजे दोन गिऱ्हाइकं बुडणं वाटलं तर नवल नाही. संस्थापक आईबाप असतात तेव्हा हाच हिशेब उलटा मांडला जातो.

हिशेब उलटा मांडण्याची आणखी एक जागा म्हणजे भाडं. डेन्मार्कच्या व्हिगा कंपनीने गेल्या दशकात बाळांचे सेंद्रिय कपडे मासिक वर्गणीवर दिले. बाळ वाढलं की संच परत, पुढच्या मापाचा संच घरी. इथे कपडा कंपनीचाच राहतो, म्हणून तो विरला तर खड्डा कंपनीच्याच खिशाला पडतो. साहजिकच कापड, शिवण, बटणं सगळं दणकट लागतं. सगळ्या बाजाराला हे जमणार नाही. धुणं, वाहतूक आणि डाग यांचा खर्च मोठा. त्यापेक्षा जुन्याच्या बाजाराने जास्त काम केलं आहे. लिथुएनियात २००८ मध्ये सुरू झालेल्या व्हिंटेडवर आज युरोपभरच्या आया मुलांचे कपडे विकतात-घेतात. हॅना अँडरसननेही अलीकडे वापरलेल्या कपड्यांच्या फेरविक्रीचा उपक्रम काढला. जुन्याच्या बाजारात जाहिरात चालत नाही. कपडा दुसऱ्या मुलासाठी उरला की नाही, एवढंच तिथे बघतात.

नियमांची पावलं सावकाश पडत आहेत. युरोपीय महासंघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून ‘पर्यावरणपूरक’ असे मोघम दावे पुराव्याविना करता येणार नाहीत. टिकाऊपणाचे निकष लावू शकणारा इकोडिझाइन कायदा जुलै २०२४ मध्ये लागू झाला आणि कापडउद्योग त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहे. भारतात सेंद्रिय खाद्यपदार्थांसाठी २०१७ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) नियम आहेत, कपड्यांसाठी तसे नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामुळे ‘ऑरगॅनिक’ म्हणणाऱ्याला आता पुरावा मागता येतो. बारशाच्या आहेरासाठी आकर्षक खोक्यातला संच घेणारे किती जण तो मागतात, हा भाग निराळा.

तोवर गिऱ्हाइकाच्या हाती जुनीच साधनं आहेत. कपडा उलटा करून शिवण बघावी, टाके सुटे आहेत का आणि टोकाला माया आहे का. गुडघ्याची जागा उजेडासमोर धरावी, पलीकडचा हात स्पष्ट दिसला तर पुढचं सांगायला नको. गळ्याची रिब ताणून सोडावी, ती मूळ जागी येते का पाहावं. गॉट्सच्या खऱ्या लेबलवर तपासणी संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो, तो गॉट्सच्या खुल्या यादीत पडताळता येतो. या सगळ्यातून जे कळत नाही ते कारखान्यात प्रत्येकाला ठाऊक असतं. तिरुपूरला जाणाऱ्या ऑर्डरीच्या टेक पॅकमध्ये, म्हणजे कपड्याच्या तपशिलांच्या कागदात, कापडाचा जीएसएम, विणीचा प्रकार आणि आटण्याची मर्यादा लिहिलेली असतेच. मुलांच्या कपड्याच्या टॅगवर तेवढी एक ओळ छापायला नवी प्रयोगशाळा लागत नाही, नवं प्रमाणपत्रही लागत नाही.